मुळशीच्या तळ्याकाठी

आश्विन महिना. पाऊस सरला होता. आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ झाले होते. अशा दिवसांत आम्ही दोघे, म्हणजे आम्ही आणि आमची सौ., कोथरुडाहून निघून मुळशीच्या तळ्यावर दोन दिवस राहून आलो. सहल तशी जवळचीच. घरापासून चाळीसेक किलोमीटर. पण तिथे जे पाहिले आणि ऐकले, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

आधी थोडी मागची हकीकत सांगतो.

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीला आम्ही निवृत्त झालो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तराला ५८ वर्षे पूर्ण झाली की त्याची नोकरी संपते. शाळेत निरोपाचा समारंभ झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. मुलांनी पाया पडून घेतले. मग पेन्शनचे कागद करायचे आले. पेन्शन म्हणजे नोकरी संपल्यावर सरकारकडून दरमहा मिळते ती रक्कम. आमच्यासारख्या जुन्या नोकरदाराला ती शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी मिळते. उद्या पेन्शन घेणारा गेला, तर त्याच्या मागे बायकोला काही रक्कम मिळत राहते. म्हणून त्या कागदांना नवराबायकोचा एकत्र फोटो लावावा लागतो. आम्ही दोघे पौड रस्त्यावरच्या फोटोवाल्याकडे गेलो. शेजारी शेजारी बसलो. त्याने "जरा हसा" म्हटले, तेव्हा दोघेही जास्तच गंभीर झालो.

पहिला महिना मजेत गेला. सकाळी म्हातोबाच्या टेकडीवर फिरायला जावे. तिथे आमच्यासारखे पुष्कळ पेन्शनर भेटतात. गप्पा होतात. घरी येऊन पेपर वाचावा, चहा घ्यावा. पूर्वी आम्ही सकाळी साडेसहाला घर सोडत होतो ते संध्याकाळी परतत होतो. आता दिवसभर घरात. त्यामुळे घरात चहा दोन वेळचा चार वेळ झाला. दुपारचे जेवण डब्यात मावत असे, ते ताटात आले. त्यासोबत कधी एखादी भजी हवी, कधी ताक हवे. टेकडीवरचे मित्रही घरी येऊ लागले.

गणपतीनंतर एके दिवशी सौ. चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "अहो, फोटो दोघांचा काढला. रिटायर मात्र तुम्ही एकटेच झालात."

ती रागाने बोलली नाही. सहज बोलली. पण आम्हाला उत्तर सुचले नाही. मुलांना, पालकांना, तपासणीला आलेल्या साहेबांना आम्ही आजवर उत्तरे दिली. इथे मात्र गप्प बसलो.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्हाला निदान पेन्शन तरी आहे. शेतकऱ्याला कुठली निवृत्ती? तुमचे म्हणणे खरे आहे. हात चालतात तोवर शेतकरी शेतात असतो. पण एक माहिती इथेच सांगून ठेवतो. ज्यांचे वय ६५ झाले आहे आणि घरची स्थिती गरिबीची आहे, त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे. दरमहा मिळणारी रक्कम २०२३ साली १५०० रुपये झाली. तलाठ्याला विचारा, तहसील कचेरीत अर्ज करा. अर्ज स्वतः वाचून मग सही करा. असो.

आम्ही सौ.ला विचारले, "तुला कुठे जावेसे वाटते?" आम्हाला वाटले, पंढरपूर म्हणेल, नाहीतर मुलाकडे जाऊ म्हणेल. ती म्हणाली, "जिथं दोन दिवस मला गॅस पेटवावा लागणार नाही, तिथं कुठंही."

म्हणून १६ ऑक्टोबरला, कोजागरीच्या दिवशी, आम्ही पौड रस्त्यावर एस.टी. धरली. कंडक्टरने आमचे पूर्ण तिकीट फाडले, सौ.चे अर्धे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. पुरुषांना ६५ वर्षे झाल्यावर अर्धे. ७५ झाली की कोणालाही फुकट. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे. सौ. तिकीट बघून म्हणाली, "कुठंतरी मला सूट मिळाली!"

चांदणी चौक मागे पडला. भूगाव गेले, पिरंगुट गेले. कारखाने, गोदामे, नव्या इमारती संपता संपत नव्हत्या. पौड सोडल्यावर मात्र हवा बदलली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे. लोंब्या पिवळ्या होऊन वाकलेल्या. मुळशी आणि मावळ हा आंबेमोहोराचा मुलूख. आता पुष्कळ शेतकरी इंद्रायणी लावतात. ही जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाली. उघड्या खिडकीतून भाताचा वास येत होता.

मग एका वळणावर तळे दिसले.

तुम्ही मुळशीचे तळे पाहिले आहे का? पाहिले नसेल तर आश्विनात किंवा कार्तिकात पाहा. या दोन महिन्यांना शरद ऋतू म्हणतात. पावसाळाभर तळे भरून घेते. शरदात ते काठोकाठ असते आणि गढूळपणा खाली बसलेला असतो. चारी बाजूंनी सह्याद्रीचे डोंगर, अजून हिरवे. उतारांवर सोनकीची पिवळी फुले. डोंगरांच्या घड्या पाण्यात उलट्या दिसतात. मध्येच एखादा खंड्या निळी रेघ ओढल्यासारखा उडून जातो. आम्ही उतरलो ते ताम्हिणीच्या रस्त्यावरचे काठावरचे एक छोटे गाव. एका शेतकऱ्याने घराची एक खोली पाहुण्यांसाठी ठेवली आहे. राहणे आणि जेवण मिळून बेताचे पैसे घेतात.

दुपारभर सौ. काठावरच्या दगडावर बसून होती. काही वाचत नव्हती, विणत नव्हती. नुसती बसली होती. चौतीस वर्षांच्या संसारात तिला असे नुसते बसलेले आम्ही पाहिले नव्हते. हाक मारावी की नाही, हेच आम्हाला कळेना. (पाण्यात मात्र कोणी उतरले नाही. धरणाचा काठ वरून सपाट दिसतो, पण एका पावलावर खोल असतो. शांत पाण्यानेच फार लोक बुडतात.)

संध्याकाळी घरच्या आजीबाई काठी टेकत आल्या आणि सौ.च्या शेजारी बसल्या. पंचाहत्तरीच्या असतील. सौ. म्हणाली, "आजी, तुमचं तळं किती छान आहे हो!"

आजीबाई थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचं कुठलं, बाई? हेच्या खाली आमचं गाव हाय. आमच्या आजेसासूचं जातं तितंच ऱ्हायलं. जड व्हतं. डोंगरावर चढवायला कोन व्हतं? मरस्तोवर म्हनायची, माझं जातं पान्यात दळतंय."

सौ. काही बोलली नाही. आम्हीही नाही. त्या घटनेची तारीख आम्ही वर्गात फळ्यावर लिहीत होतो. जात्याची गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

ती हकीकत अशी. हे तळे निसर्गाने केलेले नाही. मुळा नदीवर टाटा कंपनीने धरण बांधले, त्यामुळे ते झाले. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. त्यासाठी मुळशी पेट्यातल्या ५२ गावांवर संकट आले. मावळे म्हणाले, आम्ही जमीन सोडणार नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, त्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. बायका आणि मुलेसुद्धा कामाच्या जागी जाऊन बसली. काम थांबवण्यासाठी माणसे मार खात होती, तुरुंगात जात होती. याच लढ्यामुळे बापटांना लोक सेनापती म्हणू लागले. धरणाच्या कामाची गाडी अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरणाविरुद्धची जगातली ही पहिली चळवळ, असे काही अभ्यासक म्हणतात.

पण लढा हरला. का हरला, ते नीट ऐका. पुष्कळ जमिनी कसत होते मावळे, पण कागदावर त्या होत्या पुण्याच्या सावकारांच्या. कधी कर्जापायी गहाण पडलेल्या, कधी नावच बदललेले. सावकारांनी पुढे भरपाईचे पैसे घेतले आणि ते बाजूला झाले. ज्याने नांगर धरला त्याच्या हाती फार थोडे आले. अंगठा कशावर उठवला, हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याचे असे झाले.

१९२७ च्या सुमारास धरण पुरे झाले आणि वीज सुरू झाली. या पाण्याचा प्रवास मोठा चमत्कारिक आहे. मुळा नदी खरे तर पूर्वेला वाहते. पुण्यात तिला मुठा मिळते, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. पण तळ्यातले पाणी डोंगरातून वळवून पश्चिमेला नेले आहे. मोठाल्या नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात पडते. त्या जोराने चक्रे फिरतात आणि वीज होते. नंतर तेच पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे डोंगर ओलांडून नदीचे तोंडच फिरवले.

वीज वाईट असे आम्ही म्हणत नाही. आमच्या घरातही पंखा आहे, मिक्सर आहे. मिक्सर नसता तर सौ.चे हात आणखी झिजले असते. पण आजीबाई म्हणाल्या ते आमच्या मनातून जात नाही. "म्या लगीन होऊन आले तवा ह्या घरात चिमणी व्हती. ह्या पान्याची लाईट म्हमईला. आमाला लई मागनं." चिमणी म्हणजे रॉकेलचा दिवा. समोर एवढे पाणी, आणि काठावर चिमणी!

रात्री चंद्र डोंगरावर आला. घरच्या सुनेने अंगणात दूध आटवले. जायफळ, वेलदोडा, थोडे केशर. कोजागरी हे नाव एका प्रश्नावरून आले आहे. या रात्री लक्ष्मी फिरते आणि विचारते, 'कोण जागे आहे?' अशी समजूत आहे. आम्ही सगळे जागे होतो. आधी दुधात चंद्र दाखवला, मग प्यालो. तळे इतके उजळले होते की पलीकडच्या काठावरची झाडे मोजता आली असती. सौ.ने दोन पेले दूध घेतले. घरी ती आधी सगळ्यांना वाढते, आणि तिच्या वाट्याला खरवड येते.

पहाटे पाच वाजता आम्हाला जाग आली. शेजारी सौ. नव्हती. बघतो तो ती अंधारात भिंत चाचपत होती. आम्ही विचारले, "काय शोधतेस?"

ती एकदम थांबली. हसली. "गॅस," म्हणाली.

इतक्या वर्षांची सवय एका दिवसात कशी जाणार? आम्ही म्हटले, झोप आता. ती आडवी झाली. इतक्यात मागच्या बाजूने भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. घरची सून आमच्याही आधी उठली होती. पाहुण्यांचा चहा, भाकरी, पिठले, सगळे तिलाच करायचे होते. सौ. थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी झोपले म्हणून ही उठली."

ती उठून चुलीपाशी गेली. सून नको नको म्हणाली. सौ.ने भाकरीला हात लावला नाही, पण तिच्याजवळ बसून राहिली. दोघी काय बोलल्या ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही बाहेर पाण्याकडे बघत उभे होतो. पाण्यावरून धुके वर उठत होते. निघताना आम्ही सुनेच्या हाती ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे ठेवले. तिने ते मोजले आणि तसेच सासऱ्याकडे दिले.

परतीच्या गाडीत सौ. खिडकीशी बसली. तळे दिसेनासे होईपर्यंत मान वळवून बघत होती. पौडच्या पुढे तिचा डोळा लागला. कोथरुडात उतरलो तेव्हा चार वाजले होते. घराचे कुलूप काढले. ती सवयीने थेट स्वयंपाकघराकडे निघाली. आम्ही म्हटले, "तू बस. चहा आम्ही ठेवतो."

ती खुर्चीवर बसली. आम्ही पातेले घेतले, पाणी घातले, गॅस पेटवला. चहाची पूड समोरच होती. साखरेचा डबा मात्र सापडेना. खालची फळी बघितली, कपाट उघडले, बंद केले. चौतीस वर्षे त्या घरातली साखर आम्ही खाल्ली होती.

शेवटी विचारावेच लागले.

"वरच्या फळीवर, डावीकडं," बाहेरून आवाज आला. "डाळीच्या डब्यामागं."