वॉलेट मागवताना पत्ता कोणता द्यावा?

प्रश्न : हार्डवेअर वॉलेट ऑनलाइन घ्यायचं आहे, पण घरचा पत्ता द्यायला मन धजत नाही. ही भीती उगाच आहे का?

उत्तर : मुळीच नाही. २०२० साली लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीची ग्राहकांची माहिती चोरीला गेली. त्याच वर्षी डिसेंबरात सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर इंटरनेटवर उघडे पडले. वॉलेटं शाबूत होती, पण क्रिप्टो कोणाच्या घरी सापडेल याची यादीच चोरांच्या हाती लागली. धमक्यांचे ईमेल आले. २०२१ मध्ये तर काहींना टपालाने बनावट वॉलेटं आली, सोबत ‘जुनं बदला’ असं कंपनीच्या नावाचं पत्र.

म्हणून पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवा. ईमेल वेगळा ठेवा आणि जमल्यास फोन नंबरही.

कार्डाने पैसे दिले तर बँकेला कळतं. त्यात बिघडत नाही, करविवरणात क्रिप्टोचे व्यवहार दाखवावेच लागतात. जास्त जपायचं ते बिटकॉइनने पैसे देताना. बिटकॉइन साठवलेल्या वॉलेटच्या पत्त्यावरून रक्कम पाठवलीत, तर ब्लॉकचेन सर्वांना खुली असल्याने तिथली शिल्लक विक्रेता तुमच्या नावाशी जोडू शकतो.

गुप्ततेपायी अनोळखी विक्रेत्याकडून मात्र घेऊ नका. डब्यात रिकव्हरीचे, म्हणजे वॉलेट पुन्हा उघडून देणारे शब्द आधीच छापलेले आले, तर ते वॉलेट वापरूच नका. ते शब्द दुसऱ्या कोणाकडे आहेत.