फायनल, फायनल २ आणि गिट

आजीनं सांगितलेल्या तिच्या लहानपणच्या नाताळाच्या आठवणी मी गेल्या वर्षी टाइप केल्या. पंधरा दिवस त्यात खपले आणि एका रात्री झोपेच्या भरात जुनीच प्रत नव्या प्रतीवर सेव्ह केली. आजी तोवर देवाघरी गेली होती. पुन्हा विचारणार कुणाला? म्हणून साहित्याची विद्यार्थिनी असूनही मी गिट शिकायला बसले.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं. फाइलची आपण नोंदवलेली प्रत्येक अवस्था ते जपून ठेवतं. या नोंदीला कमिट म्हणतात. मागच्या कुठल्याही कमिटकडे परत जाता येतं.

माझं चुकलं ते साहित्य निवडताना. स्कॉट चॅकन आणि बेन स्ट्रॉब यांचं 'प्रो गिट' इंटरनेटवर फुकट वाचता येतं, म्हणून हौसेनं शेवटचं, दहावं प्रकरण उघडलं. ते गिटच्या पोटात काय चालतं त्यावर आहे. दोन पानांत डोकं गरगरलं! नवख्यानं दुसरं प्रकरण घ्यावं: ॲड, कमिट, लॉग आणि केलेलं मागे कसं घ्यायचं. तेही जड वाटलं तर सॉफ्टवेअर कार्पेंट्रीचा गिटचा पाठ बघा. तो संशोधकांसाठी आहे, कसलेल्या प्रोग्रामरांसाठी नाही. एक आज्ञा टाइप करायची, काय झालं ते बघायचं, मग पुढची. समोर मात्र स्वतःची खरी फाइल हवी, नुसतं वाचून काही येत नाही.

रोजचं जमलं की ब्रँच. इथे 'लर्न गिट ब्रँचिंग' हा ब्राउझरमधला खेळ उत्तम. आज्ञा दिली की कमिटचं झाड डोळ्यांसमोर वाढतं, आणि आपल्या फाइलींना धक्काही लागत नाही.

पुढची अडचण खास आपली. फाइलचं नाव देवनागरीत दिलं तर 'गिट स्टेटस' अक्षरांऐवजी आकड्यांची रांग दाखवतं. मला वाटलं, फाइलच बिघडली. नवख्यांच्या पाठांत यावर मला काही सापडलं नाही, उत्तर मिळालं 'गिट हेल्प कॉन्फिग'मध्ये. 'कोअर.कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' केली आणि नाव मराठीत दिसलं. ही मदत-पानं सलग वाचायची नसतात, अडलं की शोधायची.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. वर्डची फाइल गिट जपतं, पण तिच्यात कुठली ओळ बदलली ते आपणहून दाखवत नाही, तेव्हा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. आणि सगळं एकाच लॅपटॉपवर असेल तर लॅपटॉपबरोबर गिटही जाईल, म्हणून एक प्रत बाहेर ठेवा.

आजीचं बोलणं आठवेल तसं पुन्हा लिहितेय. पहिल्या कमिटचा संदेश आहे: 'नेवऱ्यांपर्यंत.'