बिऱ्हाड हलवताना : आधी कागद, मग टेम्पो

मे महिना उजाडला की रत्नागिरीच्या रस्त्यांवर कपाटं, गाद्या आणि उलटे ठेवलेले पलंग घेऊन चाललेले टेम्पो दिसू लागतात. शाळांना सुट्टी असते आणि मृगाच्या आत सामान कोरडं पोचवायचं असतं. या दिवसांत आमच्याकडे येणारी पत्रंही बहुतेक त्याच विषयाची असतात. त्यातली तीन इथे घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : नाचणे भागात आम्ही चार वर्षं भाड्याने राहतो. दर ११ महिन्यांनी स्टँप पेपरवर नोटरी करून करार होतो. भाडं ९,००० आणि डिपॉझिट ५०,००० रुपये आहे. करार ३१ मेला संपतो आणि कुवारबावला घेतलेल्या आमच्या फ्लॅटची चावी त्याच सुमारास मिळेल असं बिल्डर सांगतात. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे निघालेत, म्हणून रंगकामाचे ३०,००० कापणार असं घरमालक म्हणतात. यजमानांचं म्हणणं, पैसे हातात पडेपर्यंत घर सोडायचं नाही. मालकांच्या घरी आमचं जाणं-येणं आहे, मला भांडण नको. एकीकडे बँकेचा हप्ता, दुसरीकडे अर्धवट बांधलेली खोकी. रात्री दोन-दोन वाजता जाग येते. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, आधी यजमानांना थांबवा. राग रास्त आहे, पण डिपॉझिटसाठी घर अडवून धरणं तुमच्याच अंगाशी येईल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. म्हणजे महिन्याला १८,०००. तीन महिने हट्ट धरलात तर ५०,००० च्या डिपॉझिटपायी ५४,००० चा दावा ओढवून घ्याल.

आता तुमची बाजू. ११ महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे महाराष्ट्रात असा प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मालकांना हे धमकी म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा. नोंदणी राहून गेली हे ऐकल्यावर बोलण्याचा सूर बदलतो, हे मी कोर्टाच्या व्हरांड्यात अनेकदा पाहिलं आहे.

राहता राहिली ओल. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभ्याची भिंत बाहेरून पाणी पिते आणि आतून पोपडे टाकते. त्यात भाडेकरूचा काय दोष? घर सोडताना ते जसं घेतलं तसं द्यायचं, पण नेहमीच्या वापराने झालेली झीज वगळून, हे तत्त्व मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही आहे आणि बहुतेक छापील करारांतही असतं. ओल बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून आली असेल तर तो घराचा दोष आहे. मोरीतला फुटलेला नळ, तडा गेलेली फरशी, एसीसाठी पाडलेलं भोक हे मात्र तुमचं. त्याचे पैसे न कुरकुरता द्या. तसे दिलेत तर ओलीबद्दलचं तुमचं म्हणणंही ऐकलं जाईल.

घर सोडायच्या आदल्या दिवशी, खोल्या रिकाम्या झाल्यावर, दिवसाच्या उजेडात प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. ओलीचा डाग जवळूनही घ्या आणि लांबूनही घ्या, म्हणजे तो वरून उतरलाय की जमिनीतून चढलाय ते दिसेल. विजेच्या मीटरचं रीडिंग फोटोत घ्या आणि शेवटच्या बिलाचा हिशोब तिथेच करून टाका. मग एका साध्या कागदावर लिहा : अमुक तारखेला घराचा ताबा व इतक्या चाव्या परत दिल्या, डिपॉझिट इतकं होतं, इतकं परत मिळालं, इतकं बाकी. दोघांच्या सह्या घ्या. मालक सही देत नसतील तर तोच मजकूर फोटोंसह व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह टाका. पैसे बाकी राहिले तर नोटीस आणि त्यानंतर दिवाणी दावा, मुदत साधारण तीन वर्षं. त्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एक अर्ज द्या. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि दाव्याआधीच दोघांना समोरासमोर बसवून तडजोड करता येते. चार वर्षांचा घरोबा जपायचा असेल तर दाव्यापेक्षा हा रस्ता बरा.

तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्याच वाक्याची, ‘चावी मिळेल असं बिल्डर सांगतात’ या. चावी आणि ताबा एक नव्हे. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा. ते झालं नसताना ‘फर्निचरला सुरुवात करा’ म्हणून चावी दिली जाते, माणसं राहायला जातात आणि पुढे पाणी, वीज, असेसमेंट प्रत्येक ठिकाणी अडतात. प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुनं घर सोडण्याची तारीख पक्की करू नका. उशीर दिसत असेल तर आजच मालकांकडून एक-दोन महिन्यांची वाढ लेखी घ्या.

आणि झोपेबद्दल. कामांची एकच लांबलचक यादी उशाशी असली की झोप येत नाही. तिचे दोन भाग करा, ज्या कामाला तारीख आहे ते आणि ज्याला नाही ते. तुमच्या पत्रातली तारखेची कामं चारच आहेत : भोगवटा प्रमाणपत्र, टेम्पो, मीटर आणि ताब्याचा कागद. आधारवरचा पत्ता, मतदार यादीसाठी नमुना ८, बँकेचं केवायसी, गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता ही सगळी नव्या घरात चहा उकळायला लागल्यावर करायची. त्यांच्यासाठी आत्ता जागरण नको.

प्रश्न : माझी पुण्याला बदली झाली आहे. पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांनी ‘इन्शुरन्ससकट’ २८,००० सांगितले आणि २०,००० आगाऊ मागतात. कागद काही देत नाहीत. घाटात काही फुटलं-तुटलं तर कुणाला धरायचं? मुलगा सहावीत जाईल, त्याचा दाखलाही अजून हातात नाही.

उत्तर : कागद नाही तर सामान गाडीत चढवू नका. हे सांगताना मला आमचं स्वतःचं बिऱ्हाड आठवतं. टेम्पोवाला ओळखीतला होता म्हणून मी काही लिहून घेतलं नाही. उतरवताना एक पत्र्याची ट्रंक कमी भरली. तिच्यात वडिलांच्या हातच्या हिशोबाच्या वह्या होत्या. तक्रार करायला गेलो तेव्हा ती ट्रंक गाडीत चढली होती हेच मला दाखवता येईना. वकील असून!

तुम्हाला हवी ती बिल्टी. मालाची यादी, नगांची संख्या, मालाची किंमत आणि भाडं, चारही गोष्टी तिच्यावर हव्यात. रस्ता वाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे नियम यांनुसार जादा जोखमीचा दर ठरवला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते आणि तीही तुम्ही लिहून दिलेल्या किमतीच्या आतच. त्यामुळे बिल्टीवर भाडं ३,००० आणि बाकीची रक्कम ‘पॅकिंग’ म्हणून दाखवली तर तुमची भरपाई ३०,००० वर अडते. ही मेख लक्षात ठेवा. नुकसान झालं तर दावा करण्यापूर्वी, माल बुक केल्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत, लेखी नोटीस द्यावीच लागते. ती चुकली तर दावा तिथेच अडतो.

‘इन्शुरन्ससकट’ या शब्दाला काही किंमत नाही. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसीचा क्रमांक असलेला कागद दाखवा म्हणा. आगाऊ रक्कम थोडी द्या, यूपीआयने द्या, आणि मोठा भाग माल उतरल्यावर. वाटेत फोन करून ‘जकात’ किंवा ‘ई-वे बिल’ म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका. जकात महाराष्ट्रात उरलेली नाही आणि वापरातल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. माल अडवून धरला तर ११२ वर पोलिसांना कळवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालते.

दागिने, रोकड, मूळ दस्त, औषधं आणि मुलाची प्रमाणपत्रं गाडीत नकोत. ती एका पिशवीत, तुमच्या मांडीवर. गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर इथल्या एजन्सीत जमा करून डिपॉझिट परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर जपा. पुण्यात नवं कनेक्शन त्यावरच मिळेल. शेगडी तुमची, ती न्या. दाखल्याचं म्हणाल तर आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ पाहा.

प्रश्न : पावसजवळच्या गावातलं घर बंद करून ७८ वर्षांच्या आईला रत्नागिरीत आमच्याकडे आणतो आहोत. शेजारचं एक कुटुंब तिथे राहून घर झाडेल, देवाला दिवा लावेल. नातेवाईक घाबरवतात, ‘राहील त्याचं घर होतं.’ आईही निघायला तयार नाही.

उत्तर : ही भीती कोकणात फार खोल आहे, आणि तिच्यापायी अनेक घरांचे वासे वाळवीने खाल्लेले मी पाहिले. राखणदार म्हणून राहणाऱ्याला कितीही वर्षांनी मालकी मिळत नाही. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे स्पष्ट सांगितलं आहे. बारा वर्षांच्या कब्जाची गोष्ट लागू होते ती मालकाला न जुमानता ठेवलेल्या कब्जाला. परवानगीने राहणाऱ्याला नाही. म्हणून ती परवानगीच लिहून ठेवा : घर आईचं, आम्ही देखभालीसाठी राहतो, भाडं नाही, सांगितल्यावर अमुक दिवसांत सोडू. सह्या, दोन साक्षीदार, तारीख. घरपट्टी आणि वीजबिल तुम्हीच भरा, पावत्या आईंच्या नावाने ठेवा. एका खोलीला तुमचं कुलूप असू द्या. आणि पुढे कधी वाद झाला तर सामान अंगणात फेकू नका. जबरदस्तीने काढलेला माणूस सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, मग मालकी कुणाची का असेना. घराभोवती कलमं असतील तर त्यांची राखण आणि उत्पन्न यांचा कागद वेगळा करा. जमिनीचे नियम निराळे आहेत, त्यासाठी सातबारा घेऊन वकिलाला भेटा.

आईंचं म्हणाल तर आठ दिवस त्यांच्या गतीने जाऊ द्या. आमसुलाच्या बरण्या, विळी, पाट त्यांना स्वतःच्या हाताने बांधू द्या, शहरात लागणार नाही म्हणून कुणी त्यांतून काही काढू नये. ओटीच्या दाराची मूळ किल्ली त्यांच्या कमरेलाच राहू द्या, राखणदाराला जोडकिल्ली द्या. घर त्यांच्या नावावर आहे, त्यामुळे कायद्यानेही ती किल्ली त्यांचीच.

पुढच्या अंकात सोसायटीच्या हस्तांतरण शुल्काबद्दलची पत्रं घेणार आहोत. प्रश्न पाठवताना करारनाम्याची झेरॉक्स जोडा. मूळ कागद कुणालाही पोस्टाने पाठवू नका, आम्हालाही नाही.