वृद्धनिवासातील मूल्यमापनपत्र : लिहावे कोणी, वाचावे कोणी?

'नर्सिंग होम' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टरांचे दहावीस खाटांचे खाजगी इस्पितळ येते. अमेरिकेत मात्र वृद्ध व परावलंबी माणसे शुश्रूषेसाठी दीर्घकाळ राहतात, त्या निवासाला हे नाव आहे. असे निवास आता आपल्याकडेही निघू लागले आहेत. तेथील निवासीच्या मूल्यमापनपत्राचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

केसपेपरात रोग आणि औषधे असतात. मूल्यमापनपत्रात माणूस स्वतः काय करू शकतो व त्याला मदत कोठे लागते, हे असते. १९६३ साली सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी सहा कसोट्या मांडल्या : स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. याखेरीज गिळण्याचा त्रास, पडण्याचा धोका, अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमा, स्मरणशक्ती यांचीही नोंद करतात.

आता ही सर्व माहिती एका व्यक्तीपाशी कधीच नसते. पाठीवरचा लालसर चट्टा अंघोळ घालणाऱ्या मावशींना प्रथम दिसतो. पाणी पिताना ठसका लागतो, हे भरवणाऱ्या बाईंना कळते. आजोबा रात्री दोनला उठून दार शोधतात, हे रात्रपाळीलाच ठाऊक असते. परिचारिकेने टेबलाशी बसून एकटीने पत्र भरले, तर या गोष्टी कागदावर येणार कशा?

अमेरिकेने या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले. १९८६ साली तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने शुश्रूषानिवासांच्या दर्जाविषयी अहवाल प्रसिद्ध केला आणि १९८७ साली कायदा झाला. त्यानुसार प्रवेशानंतर १४ दिवसांत संपूर्ण मूल्यमापन, पुढे दर तीन महिन्यांनी फेरतपासणी व वर्षातून एकदा पुन्हा संपूर्ण मूल्यमापन करावे लागते. नोंदणीकृत परिचारिका त्याचे संयोजन करते. परंतु जो जो भाग ज्याने भरला, त्या भागाखाली त्याचीच सही लागते. निवासीशी आणि सर्व पाळ्यांतील प्रत्यक्ष सेवा करणाऱ्यांशी, मग त्यांच्यापाशी परवाना असो वा नसो, बोलूनच माहिती घ्यावी, असा नियम आहे. मागील १५ महिन्यांची पत्रे चालू फाईलमध्ये ठेवावी लागतात.

आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. पण मूल्यमापनाचा नमुना त्या कायद्यात दिलेला नाही. म्हणून प्रत्येक संस्थेची रीत निराळी.

सुरत येथील एका खाजगी निवासाचे कामकाज मी काही दिवस जवळून पाहिले. सुरत हे यंत्रमागांचे व हिऱ्यांचे शहर. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. या निवासातील बहुतेक आया याच वस्तीतल्या. निवासी गुजराती बोलणारे, आया आपसांत अहिराणी बोलणाऱ्या आणि मूल्यमापनपत्र इंग्रजीत! शिवाय ते कचेरीच्या कपाटात, कुलपात. अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या एका आजींना पातळ पदार्थ घट्ट करूनच द्यावेत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. संध्याकाळच्या पाळीच्या मावशींनी नेहमीसारखा कपभर चहा दिला आणि आजींचा श्वास कोंडला. सुदैवाने निभावले. बोलणी मावशींना खावी लागली. परंतु तो कागद त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

मग सर्व कागद सर्वांना खुले करावेत काय? माझे मत तसे नाही. त्याच फाईलमध्ये मुलाशी झालेला वाद, मिळकतीचा तपशील, मनाच्या आजाराचे औषध हेही असते. भरवणाऱ्या व्यक्तीला गिळण्याची अडचण कळायला हवी, मिळकत नव्हे. अलीकडे पत्राचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याची सोपी वाट निघाली आहे. असा फोटो कोठवर जाईल, यावर कोणाचाच ताबा राहत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे, याचेही भान ठेवावयास हवे.

तेव्हा दोन कागद असावेत. संपूर्ण पत्र कुलपात. ते परिचारिका, डॉक्टर व व्यवस्थापक यांच्यासाठी. दुसरा एक पानाचा कामाचा कागद आयांच्या हाती, त्यांच्या भाषेत : काय भरवावे, कसे उठवावे, कशाकडे लक्ष ठेवावे. तो खाटेवर टांगू नये. पाळी बदलताना वाचून दाखवावा. त्यात खाली मोकळी जागा असावी. मावशींनी जे पाहिले, ते त्यांनी तेथे लिहावे किंवा सांगून लिहवून घ्यावे, आणि पुढील मूल्यमापनात ते त्यांच्या नावाने उतरावे.

हा प्रश्न एकट्या सुरतेचा नाही. आपल्या सीमाभागात निवासी मराठी आणि आया कानडी, किंवा याच्या उलट, असे सहज घडते. आपल्या महाविद्यालयात दोन्ही भाषा लिहिणारे विद्यार्थी आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेतून त्यांनी जवळच्या एखाद्या वृद्धाश्रमासाठी असा एक पानाचा कागद परिचारिकांच्या मार्गदर्शनाखाली दोन्ही भाषांत तयार करून द्यावा, असे मला सुचवावेसे वाटते.