तबकडीची दुसरी बाजू

गाण्याची जुनी तबकडी तुमच्यापैकी काहींनी आजोबांच्या कपाटात पाहिली असेल. तिच्या पहिल्या बाजूवर मुख्य गीत असे आणि मागे दुसरे एखादे. गिऱ्हाईक पैसे मोजी ते पहिल्या गीतासाठी. परंतु तबकडी विकली गेली की दोन्ही गीतांच्या कर्त्यांना सारखाच मोबदला मिळे. या साध्या हिशेबाने ‘क्वीन’ या इंग्लंडातील प्रख्यात वाद्यवृंदात कलह कसा माजला व तो कसा शमला, हे आज आम्ही सांगणार आहोत.

हा वृंद 1970 साली लंडनमध्ये जन्मास आला. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे व तालवादक रॉजर टेलर यांना 1971 मध्ये जॉन डीकन येऊन मिळाला. फ्रेडी हा मूळचा फारोख बलसारा. झांझिबारमध्ये जन्मलेल्या या पारशी मुलाचे शालेय शिक्षण आपल्या पांचगणीस झाले. ब्रायनने आपली गिटार वडिलांच्या मदतीने घरीच घडविली होती. तिचे काही लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे होते. झगमगीत पोशाख व रंगविलेले चेहरे ही त्या काळच्या ‘ग्लॅम रॉक’ची रीत. ‘क्वीन’ने ती उचलली, पण खरी भिस्त ठेवली ती अनेक स्वरांच्या मेळावर.

1974 मध्ये ‘सेव्हन सीज ऑफ राय’ ब्रिटनच्या विक्रीयादीत दहावे आले, तर ‘किलर क्वीन’ दुसरे. दोन्ही गीते फ्रेडीची. पुढल्या वर्षी त्याने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ रचले. ते जवळजवळ सहा मिनिटांचे! एवढे लांब गीत नभोवाणी लावणार नाही, अशी व्यवसायातील जाणत्यांची भीती होती. चौघांनी कात्री लावू दिली नाही. गीत नऊ आठवडे पहिल्या स्थानी राहिले.

मात्र त्या तबकडीच्या मागल्या बाजूवर टेलरचे मोटारीवरील एक गीत होते. त्यालाही तेवढेच धन मिळाले, आणि मने कलुषित झाली. कोणाचे गीत पुढे व कोणाचे मागे, यावरून वाद होऊ लागले.

तरीही प्रत्येकाची लेखणी चालतच राहिली. 1977 च्या तबकडीवर पुढे फ्रेडीचे ‘वी आर द चॅम्पियन्स’ व मागे ब्रायनचे ‘वी विल रॉक यू’ होते; दोन्ही अजरामर झाली. 1980 मध्ये मितभाषी डीकनचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ अमेरिकेत पहिले आले. 1984 मध्ये टेलरचे ‘रेडिओ गा गा’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्थानी पोहोचले.

अखेर 1989 च्या ‘द मिरॅकल’ या संग्रहापासून त्यांनी ठरविले, की गीत कोणीही रचो, नाव चौघांचे. 1991 च्या आरंभी ‘इन्युएन्डो’ याच सामाईक नावाने पहिले आले. त्याच वर्षी 24 नोव्हेंबरला एड्सच्या विकाराने फ्रेडीचे निधन झाले. त्यानंतर पुन्हा निघालेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ दुसऱ्यांदा अग्रस्थानी गेले.

श्रेय वाटून घेण्यात अधिक लिहिणाऱ्यावर अन्याय होतो काय? आम्हांस वाटते, ही वाटणी आरंभीच झाली असती तर डीकनचा गुण कदाचित झाकलाच गेला असता. चौघांनी आपापले सामर्थ्य सिद्ध केल्यावर ती झाली, म्हणूनच ती शोभली. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत आपले नाव वर की खाली, यावरून रुसण्यापूर्वी तुम्हीही याचा विचार करा. आणि तुमचे मत निराळे असेल, तर ते वर्गात निःसंकोच मांडा.