दोष हाताचा नव्हता

"काकू, तुमचा हातच घट्ट आहे." भूगावजवळच्या एका विणकामाच्या क्लासमध्ये हे वाक्य मी अख्खा हिवाळा ऐकलं, तेही सगळ्यांच्या देखत. पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुया धरणाऱ्या बाईला असं सुनावलं की ती निमूट मान खाली घालते. पण दोष सुयांचा होता, लोकरीचा होता आणि शिकवायला घेतलेल्या विणीचा होता. या तिन्ही गोष्टी क्लासनेच दिलेल्या. फी वेगळी, किटचे पैसे वेगळे.

किटमध्ये गडद निळ्या रंगाची, केसाळ 'शुद्ध लोकर' होती आणि बारा नंबरच्या सुया. हे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे; त्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. बारा नंबर म्हणजे 2.75 मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे 4 मिलिमीटर. जाड लोकर इतक्या बारीक सुयांवर विणली की कुणाचाही टाका घट्टच येणार. सुई टाक्यात शिरेना, बोटं दुखायला लागली, वीण पत्र्यासारखी झाली. वर ऐकून घ्यायचं, हात घट्ट आहे. मोबाइलवर बघून शिकणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. अमेरिकन आठ नंबर 5 मिलिमीटरचा असतो, आपला 4 चा. दुकानात नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा.

पहिलंच काम मफलरचं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. वीतभर झालं नाही तोच दोन्ही कडा मागे वळून नळी व्हायला लागली. क्लासच्या बाईंनी माझ्या हातातून सुया घेतल्या, स्वतः भराभर काही ओळी विणल्या आणि "बघा, असं हवं" म्हणून परत दिल्या. त्यांच्याही ओळी वळल्या होत्या! ते मला दिसत होतं, पण बोलायची सोय नव्हती. टाके घालायचे त्यांनी, निसटलेला टाका उचलायचा त्यांनी, शेवट बंद करायचाही त्यांनीच. मधल्या सरळ ओळी तेवढ्या आमच्या. घरी एक टाका सुटला तर पुढच्या शनिवारपर्यंत काम तसंच पडून. याला शिकवणं म्हणत नाहीत. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन काढलं ते बायकांनी शिकून स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून. त्याच पुण्याच्या वेशीवर आम्ही दर आठवड्याला परावलंबी होऊन घरी येत होतो.

कडा सरळ व्हायला बाईंनी इस्त्री करायला सांगितली. मफलर जागच्या जागी लुळा पडला, चकाकायला लागला. लोकर अशी वागत नाही, एवढं मला शिकायच्या आधीपासून ठाऊक होतं. उरलेल्या गुंड्यातला एक तुकडा चिमट्यात धरून जाळला. खरी लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. हा धागा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी उरला. अॅक्रिलिक! अॅक्रिलिक वाईट नसतं. धुवायला सोपं, स्वस्त, आणि त्याला कसरही लागत नाही. पण ते लोकर म्हणून, लोकरीच्या भावात विकायचं? विचारलं तर उत्तर आलं, "मार्केटमध्ये सगळे यालाच लोकर म्हणतात."

तो चकाकणारा मफलर मी पिरंगुटला आमच्या ओळखीच्या एका आजींना दाखवला. आजी निवृत्त शिक्षिका. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, ही वीण वळतेच. कडा मागे जातात, खालची-वरची बाजू पुढे येते. कुणीही विणली तरी. तुझे टाके तर एकसारखे आहेत." मला रडूच आलं. इतके महिने कुणीच माझ्या टाक्यांकडे नीट बघितलं नव्हतं.

आजींनी शिकवलं ते सांगते. पहिलं काम सगळ्या ओळी सुलट, दोन्ही बाजूंना. ती वीण सपाट राहते. वळणारी वीण घ्यायचीच तर दोन्ही कडांना चार-पाच टाके कायम सुलट ठेवा. धागा फिक्या रंगाचा, गुळगुळीत, मध्यम जाडीचा आणि सुया 4 मिलिमीटरच्या. गडद केसाळ धाग्यात टाका डोळ्यांना दिसत नाही, पावसाळ्यात ताम्हिणीकडून ढग उतरून आमच्याकडे दुपारीच अंधारतं तेव्हा तर मुळीच नाही. ओळ संपली की टाके मोजा. वाढले असतील तर बहुतेक वेळा ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे गेलेला असतो आणि पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो. धागा खाली, पुढच्या बाजूला घेऊन मग सुई घाला. मोठ्या कामाला लागणारे सगळे गुंडे एकदमच घ्या, लेबलवरचा लॉट नंबर जुळवून. नाही तर रंगात फरक पडतो. आणि धीर धरा, रोज थोडं विणा. हे सगळेच सांगतात, पण खरं आहे.

क्लास लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी एक तास बसून बघा. शिकवणारी स्वतःच्या सुयांवर दाखवते की तुमच्या सुया काढून घेते, ते बघा. टाके घालणं, सुटलेला टाका उचलणं आणि काम बंद करणं पहिल्या महिन्यात तुमच्याच हातून करून घेणार का, असं स्पष्ट विचारा. किट सक्तीचं असेल तर सरळ उठा. लेबल फाडलेली लोकर तर हातातही घेऊ नका. माझ्या गुंड्यांवर एकही लेबल नव्हतं.

किटचे पैसे मी परत मागितले. "वापरलेला माल परत घेत नाही," असं कळवलं गेलं. त्या क्लासची नवी बॅच सुरू होतेय. आमच्या सोसायटीतून चौकशी करणाऱ्या बायकांना मी तो जळलेला मणी दाखवते आणि पिरंगुटच्या आजींचा पत्ता देते.