चूक सांगणाऱ्याला शिक्षा नको

प्रश्न : औषध कंपन्यांसाठी डॉक्टरांना द्यायचे साहित्य तयार करणाऱ्या मुंबईतल्या एजन्सीत मी टीम सांभाळते. कनिष्ठ लेखकांना चूक दिसते, पण ते बोलत नाहीत. काय करावे?

उत्तर : बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागणार नाही, एवढी खात्री आधी द्या. संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९६ च्या अभ्यासात रुग्णालयांतल्या चांगल्या गटांमध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. त्यांच्या मते, तिथे चुका अधिक होत नव्हत्या, त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. तुमच्या कामात गप्प बसणे फार महाग पडते. २०२४ च्या औषध विपणन संहितेनुसार मर्यादा स्पष्ट केल्याशिवाय औषधाला 'सेफ'सुद्धा म्हणता येत नाही. मूळ शोधनिबंध बहुधा कनिष्ठ लेखकानेच बारकाईने वाचलेला असतो, म्हणून असा दावा त्याला आधी खटकतो. तेव्हा मसुद्याच्या बैठकीत त्यालाच पहिल्यांदा बोलू द्या आणि चुकांची नोंद अप्रेझलपासून वेगळी ठेवा. याने बेफिकिरी वाढेल, ही शंका रास्त आहे. पण सूट चूक कळवणाऱ्याला आहे, लपवणाऱ्याला नाही. डेडलाइनमुळे चुका सांगायला वेळ नाही, ही सबबही टिकत नाही. मसुदा सुधारणे सोपे असते. वाटलेले साहित्य परत गोळा करण्यात वेळही जातो आणि क्लायंटचा विश्वासही.